आठव्या ओळीतली जागा

कंसमामीचं डोकं फिरलं ते सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, नव्या दालनाच्या भिंतीसमोर. तसं पाहिलं तर संग्रहालयातल्या सव्वीस वर्षांत ती चिडली नाही असा दिवस दिवा घेऊन शोधावा लागला असता. उशिरा येणाऱ्यावर ती चिडायची, लवकर जाणाऱ्यावर चिडायची, आणि वेळेवर येऊन वेळेवर जाणाऱ्याने चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवला की त्याच्यावर सगळ्यात जास्त. पण ते रोजचं चिडणं. त्याला कुणी भीक घालत नसे. आज मात्र तिचा आवाजच फुटेना.

भिंतीवर वीतभर उंचीची काळी अक्षरं चिकटवलेली होती. वर मथळा, ‘निरुत्तर’. त्याखाली, ‘न्यायाधीश तिला म्हणाले, तू कुठे होतीस? ती काहीच बोलली नाही.’ त्याच्याही खाली, ‘चार हजार वर्षांपूर्वीच्या एका गुन्हेगार स्त्रीची गोष्ट.’ बाजूला मान खाली घातलेल्या बाईचा पुतळा. आणि अगदी कोपऱ्यात ‘लिप्यंतर’ असं लिहून पुढे मामीचं अख्खं नाव, आडनावासकट, एकही चूक न करता. परवा उद्घाटन होतं.

“कंस कुठे गेले?” तिला अखेर आवाज फुटला.

अक्षरं चिकटवणारा माणूस शिडीवर होता. त्याने वाकून खाली पाहिलं. “कसले कंस?”

“चौकोनी! एक ‘काहीच’च्या आधी, एक ‘नाही’च्या नंतर. कुठे गेले?”

“मला जे कापून आलं ते मी लावलं, बाई. कंस नव्हते पाकिटात.”

त्याच्याशी भांडून काय उपयोग? मामीने पर्स काखेत मारली आणि ती तरातरा जिन्याकडे निघाली.

हे कंसाचं प्रकरण काय आहे ते इथेच सांगून टाकलेलं बरं. तळमजल्यावरच्या एका खोलीत मामी मातीच्या पाट्या वाचायची. तळहाताएवढ्या पाट्या. कुणीतरी ओल्या मातीवर बोरूचं टोक दाबून पाचरीसारख्या खुणा उठवलेल्या, आणि लिहिणारा, वाचणारा, ज्याच्याबद्दल लिहिलं तो, सगळे कधीच मातीला मिळाले तरी खुणा तशाच. मामी त्या खुणा संगणकात साध्या अक्षरांत उतरवायची, म्हणजे जगात कुठेही बसलेल्या माणसाला त्या वाचता याव्यात. या उतरवण्याचे कायदे असतात. चिन्ह घासलेलं पण ओळखू येतंय, तर त्याच्यामागे जाळीची खूण. खात्री नाही, तर प्रश्नचिन्ह. चिन्ह आहे पण वाचताच येत नाही, तिथे फुली. आणि पाटीचा टवकाच उडालेला असेल आणि तिथे अमुक असावं असा वाचणाऱ्याचा अंदाज असेल, तर तो अंदाज चौकोनी कंसात. कंसाबाहेरचं पाटीचं, कंसातलं तुमचं. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, आणि घालायचेच तर ते आपले आहेत असं कबूल करायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मामीने तो अर्थ दोन पिढ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला. त्यावर चाळीस पानांची पुस्तिका लिहिली. एका मुलीने कंस उघडला आणि त्याच ओळीत मिटवला नाही, तर तिला सगळी पाटी पहिल्यापासून उतरवायला लावली. कंस, कंस करून तिने एवढा जीव खाल्ला की कुणीतरी तिला कंसमामी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. मामीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनातून तिला ते आवडलं होतं.

तर आता ती संगणक विभागाच्या दारात उभी होती, आणि तिथला प्रमुख, पन्नाशीचा, गोलमटोल, कायम खूश असणारा माणूस, खुर्ची पुढे करत होता.

“या, मामी, या. बसा.”

“बसायला आले नाही. माझे कंस कुठे आहेत?”

“चाळणीत,” तो हसत म्हणाला. “सांगतो ना. साहेब म्हणाले, सामान्य माणसाला वाचता येईल असा मजकूर द्या. म्हणून मी हा प्रोग्रॅम लिहिला, नाव ठेवलं चाळणी. फुल्या काढते, जाळ्या काढते, प्रश्नचिन्हं काढते, कंस काढते. उरतो तो स्वच्छ मजकूर. सतरा हजार पाट्या, मामी, अडीच मिनिटांत!”

पहिला नंबर आल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता. मामीला वाटलं, ही चाळणी याच्याच डोक्यावर उपडी घालावी.

“आणि कंसातलं? ते काढते का?”

“नाही नाही, ते कसं काढेल? मजकूरच आहे ना तो.”

“मजकूर नाही तो! माझा अंदाज आहे!” मामीने टेबलावर थाप मारली, तशी पेन्सिली उडाल्या. “उद्या कुणी लिहिलं, ‘हा माणूस मूर्ख असावा’, आणि तुमच्या चाळणीने ‘असावा’ गाळलं, तर काय उरलं? सांगा ना, काय उरलं?”

“मूळ फाइल शाबूत आहे,” तो जरा मागे सरकत म्हणाला. “चाळणी वेगळी प्रत काढते.”

“आणि भिंतीवर कुठली प्रत लागलीय?”

चाळणीवाला चष्मा काढून पुसू लागला. त्याच्या त्या पुसण्याने मामीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सव्वीस वर्षांत तिने घातलेले कंस, हजारोंनी, एकेक विचार करून घातलेले, कधी एका कंसासाठी दोन दोन दिवस भिंगाखाली डोळे फोडलेले, आणि ते सगळे या माणसाने कचरा म्हणून गाळून टाकले होते. अडीच मिनिटांत! ती वळली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली.

संचालक साहेबांवर रागावणं अवघड होतं, आणि त्याचाच मामीला राग यायचा. बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. मामी उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलली. त्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, फक्त पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

“ही बाई दिवेवाली होती, साहेब. कापड विणायच्या खोलीतले दिवे लावायचे, विझवायचे, हे तिचं काम. एक दिवस खोलीला आग लागली. हिला न्यायाधीशांपुढे उभं केलं. ते म्हणाले, तू कुठे होतीस? इथपर्यंत सात ओळी शाबूत आहेत. आठव्या ओळीत ‘ती’ एवढं वाचता येतं आणि पुढे पाटी फुटलेली. खालचा तुकडा मिळालेलाच नाही. तिला सोडलं की शिक्षा केली, कुणाच्या बापाला ठाऊक नाही! आणि तुम्ही तिला गुन्हेगार म्हणून मान खाली घालायला लावून मोकळे झालात. परवा हजार माणसं येऊन तिच्याकडे बोट दाखवतील.”

“ती काहीच बोलली नाही, हे वाक्य आमचं नाही, बाई. तुमच्या नोंदीतलं आहे.”

“कंसात!”

“कंसात का होईना, लिहिलं कुणी?”

मामीने ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला.

“रागावू नका,” साहेब म्हणाले. “तुमचा शब्द म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द. तुम्ही कंसात लिहिलं तरी लोक ते बाहेर लिहिल्यासारखंच धरतात, हे तुम्हालाही माहीत आहे. ‘गुन्हेगार’ हा आमचा आगाऊपणा झाला, ते मी उतरवतो. पण त्या वाक्याचं एकच सांगा. तो अंदाज बरोबर आहे की चूक? बरोबर असेल तर वाक्य राहील, हवे तर कंस लावू. चूक असेल तर संध्याकाळच्या आत लेखी द्या. सगळी भिंत रिकामी करतो.”

“माझे अंदाज उगाच केलेले नसतात,” मामी म्हणाली आणि दार ओढून घेऊन बाहेर आली. दार हवेपेक्षा जोरात लागलं.

जिना उतरताना मात्र ती मधल्याच पायरीवर थांबली. साहेबाने सरळ प्रश्न विचारला होता आणि तिने सरळ उत्तर दिलं नव्हतं. तिच्या पुस्तिकेतला सहावा नियम असा होता, की तुटलेल्या जागेत किती चिन्हं मावतील ते वरच्या-खालच्या ओळींवरून आधी मोजावं आणि मगच कंसात काही लिहावं. न मोजता लिहिणाऱ्यांची कामं तिने डोळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. आठवी ओळ आपण मोजली होती का, हे तिला आठवेना. ज्या बाईला सतरा वर्षांपूर्वी वाचलेल्या पाटीवरचा ओरखडा आठवायचा, तिला हे आठवेना.

तिने खोलीत येऊन मूळ फाइल उघडली. आठवी ओळ जशीच्या तशी होती. ‘ती’, मग कंसात ‘काहीच बोलली नाही’, आणि कंसानंतर ओळीच्या टोकाला एक फुली. म्हणजे टोकाला एक चिन्ह शिल्लक होतं आणि ते तिला तेव्हा वाचता आलं नव्हतं. ती फुलीही चाळणीने गाळली होती. वर तारीख होती. मामी तारखेकडे बघत राहिली.

अकरा वर्षांपूर्वीची तारीख. आई जाऊन तीन आठवडे झाले होते.

आई अंथरुणाला खिळली होती, धाकटीच्या घरी. धाकटी म्हणजे मामीची पाठची बहीण. सात महिने तिनेच आईचं सगळं केलं, हे मामी कधी नाकारत नसे, पण ‘पण’ म्हणून पुढे बोलायची. एका दुपारी शेजारणीचा फोन आला. मामी काम टाकून धावली. पोचली तेव्हा आई गेलेली होती, खोलीत माणसं जमली होती, मामीचा नवराही येऊन पोचला होता, आणि शेजारीण सगळ्यांना सांगत होती की दाराला बाहेरून कडी होती, आत म्हातारी एकटीच होती. धाकटी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मामी तिच्यावर धावून गेली. “कुठे होतीस तू? कुठे होतीस? आई तडफडत होती आणि तू कुठे होतीस?” एवढं लोकांसमोर, आईच्या अंगावरची चादर अजून सारखीही केलेली नसताना.

त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. ज्याने ज्याने विषय काढला त्याला मामीने एकच ऐकवलं, “तोंडावर विचारलं तिला. मूग गिळून उभी होती. तोंडातून चकार शब्द नाही. ज्याच्या मनात काळंबेरं असतं तोच गप्प बसतो.” पुढे पुढे कुणी विषय काढेना. नवराही काढेना.

आणि तीन आठवड्यांनी कामावर येऊन पहिली पाटी हातात घेतली ती ही.

मामी उठली. तिने कपाटातून खोका काढला, कापसातली पाटी उचलून मखमलीच्या गादीवर ठेवली, खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा अगदी आडवा धरला. आडव्या उजेडात पाचरींची सावली पडते आणि समोरून न दिसणारं दिसायला लागतं. हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. मग तिने मोजपट्टी घेतली. सहाव्या ओळीत तेवढ्याच रुंदीत दोन चिन्हं. सातव्या ओळीत दोन, ओढूनताणून अडीच. तिने तुटलेली जागा मोजली. परत मोजली. पट्टी पालथी करून मोजली, जणू पट्टीच खोटं बोलत होती.

त्या भाषेत ‘काहीच बोलली नाही’ लिहायला पाच चिन्हं लागतात. जागा दोनांची होती.

नवशिक्या मुलीलाही कळलं असतं. पाच माणसांना दोघांच्या बाकावर बसवल्यासारखं होतं ते. मामीने दिवा आणखी आडवा केला आणि ओळीच्या टोकाकडे वळवला, जिथे तिने फुली मारली होती. एक उभी पाचर, तिच्या पोटाला टेकलेल्या दोन लहान. वरच्याच ओळीत, न्यायाधीशांच्या प्रश्नानंतर, तीच तीन पाचरींची खूण स्वच्छ उठलेली होती. तिथे ते न्यायाधीश ‘म्हणाले’. इथे ती ‘म्हणाली’.

म्हणजे दिवेवाली बोलली होती. थोडंसंच बोलली होती, दोन चिन्हांत मावेल एवढं, पण बोलली होती. लिहिणाऱ्याने ते मातीत उतरवलंही होतं. पाटी फुटली हा काळाचा दोष. पण ती बोललीच नाही, असं चार हजार वर्षांनी म्हणणारी बाई दुसरी कुणी नव्हती. ती ही कंसमामी होती.

सकाळपासून साठलेला सगळा राग आता जागा बदलून तिच्याच छातीवर येऊन बसला. चाळणीवाल्यावरचा राग सोपा होता, त्याचं टेबल बडवता येत होतं. स्वतःचं काय बडवायचं? तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली याचाही संताप आला. कंसात लिहिलं की आपण सुटलो, असं ती सव्वीस वर्षं समजत आली होती. काहीही लिहा, कंस आहे ना! कंसाच्या आडून तिने एका परक्या बाईवर सूड उगवला होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. ‘तू कुठे होतीस’ वाचलं आणि पुढची जागा रिकामी दिसली. त्या जागेत तिला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असलेली धाकटी दिसली. मोजायची कशाला? उत्तर ठाऊकच होतं.

तिने फाइलमध्ये ओळ बदलली. ‘ती’, मग कंसात दोन फुल्या, म्हणजे इथली दोन चिन्हं गेली, कोणती ते ठाऊक नाही, मग ‘म्हणाली’. ओळ बदलली की खाली टिपेची ओळ घालावी लागते, का बदललं ते सांगणारी, आणि ती टीप जगभरात सगळ्यांना दिसते. ज्यांचं काम मामीने डब्यात टाकलं त्या सगळ्यांना. तिच्या पुस्तिकेवर हात ठेवून शिकलेल्या सगळ्यांना. तिने पहिल्यांदा लिहिलं, ‘नव्या पाहणीनुसार दुरुस्ती.’ वाचून तिला स्वतःचाच इतका राग आला की तिने ते लगेच पुसलं. मग एका दमात लिहिलं आणि छापून तिसऱ्या मजल्यावर नेलं.

साहेबांनी कागद वाचला. त्यावर होतं: ‘टीप, ओळ आठ. येथे पूर्वी कंसात दिलेला अंदाज चूक आहे. त्याला पाच चिन्हे लागतात, जागा दोनांची आहे. जागा मोजली नव्हती. टोकाचे चिन्हही नीट पाहिले नव्हते. त्या दिवसांत लिहिणारी स्वतःच्या बहिणीवर चिडलेली होती. दिवेवालीने उत्तर दिले आहे. काय दिले ते ठाऊक नाही.’

“बाई,” साहेब म्हणाले, “मोजमापाचं पुरे आहे. हे बहिणीचं कशाला? घरातलं घरात. लोक हसतील. तुमचे जुने अंदाज उकरून काढतील, प्रत्येक कंसाला विचारतील.”

“विचारू देत.”

“तुमच्या पुस्तिकेचं काय होईल?”

“पुस्तिका बरोबर आहे, साहेब. मी चुकले. कारणाच्या जागी कारण लिहायचं असतं. मोजलं नाही हे काय झालं ते सांगतं. का मोजलं नाही ते कोण सांगणार, तुमची चाळणी?” तिचा आवाज पुन्हा चढला. “एक शब्द गाळायचा नाही यातला. आणि तो पुतळा हलवा तिथून. मान खाली घालायला तिने काय केलंय?”

साहेबांनी कागदावर सही केली.

चार वाजता शिडी परत भिंतीला लागली. अक्षरं चिकटवणाऱ्या माणसाने पातं घेतलं आणि कुरकुरत ‘निरुत्तर’ खरवडायला घेतलं. “सकाळी लावा, दुपारी काढा,” तो शिडीशीच बोलत होता. “लावण्याआधी वाचत जा की जरा कुणीतरी.”

“खरं आहे,” खालून मामी म्हणाली. त्याने दचकून खाली पाहिलं. या बाईने कुणाचं तरी म्हणणं कबूल केलेलं संग्रहालयात अजून कुणी ऐकलं नव्हतं.

‘गुन्हेगार’ गेलं. ‘काहीच बोलली नाही’ गेलं. ‘ती’ राहिलं. जरा पुढे त्याने ‘म्हणाली’ टेकवून पाहिलं.

“मध्ये काय येणार?”

“काही नाही. जागा सोडा.”

“किती?”

“वरच्या ओळीवरून मोजा,” मामी म्हणाली. “दोन अक्षरांची. जास्त नको, कमी नको.”

त्याने मोजून जागा सोडली, अक्षरं दाबून बसवली आणि चहाला निघून गेला. मामी एकटीच भिंतीसमोर उभी राहिली. न्यायाधीश तिला म्हणाले, तू कुठे होतीस? ती, मग कोरी भिंत, मग म्हणाली. त्या कोऱ्या भिंतीकडे बघवत नव्हतं. मामीचा हात पर्सकडे गेला. धाकटीचा नंबर तिने अकरा वर्षांत लावला नव्हता, पण पुसलाही नव्हता.

चार वेळा रिंग वाजली.

“कोण गेलं?” पलीकडून धाकटीचा आवाज आला. हॅलो नाही, काही नाही.

“कुणी गेलं नाही.”

“मग? चुकून लागला का?”

“चुकून नाही लागला. एक विचारायचं होतं. आई गेली त्या दुपारी तू कुठे होतीस?”

पलीकडे कसलातरी नळ चालू होता. तो बंद झाला.

“अकरा वर्षांनी?” धाकटी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि ते रडणं नव्हतं. “अकरा वर्षांनी तुला हे सुचलं? विचारायला फोन केलायस की परत ओरडायला?”

“विचारायला.”

“गच्चीवर होते. वाळत घातलेल्या चादरी आणायला गेले आणि पाण्याच्या टाकीमागे बसून रडत राहिले. तासभर. आईसमोर रडता यायचं नाही, ती घाबरायची. आणि वाऱ्याने दार आपटलं की झोपेतून दचकून उठायची, म्हणून बाहेरून कडी घातली होती. बास? झालं समाधान?”

“मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?” मामीचा जुना आवाज उसळून वर आला. “नुसती उभी राहिलीस, एक शब्द तोंडातून...”

“सांगितलं होतं!” धाकटी एवढ्या मोठ्याने ओरडली की मामीला फोन कानापासून लांब धरावा लागला. “‘वर होते’ म्हणाले होते मी. दोनदा म्हणाले. दोन शब्द, ताई, त्याच्यापुढे मला बोलताच येईना. शेजारणीला ऐकू आलं, तुझ्या नवऱ्याला ऐकू आलं. तुला नाही आलं, कारण तू ओरडत होतीस.”

मामीने भिंतीला हात लावला. हात नेमका कोऱ्या जागेवर पडला. काहीतरी बोलावंसं वाटलं, माफी किंवा निदान ‘अगं’ तरी, पण जे तोंडात येत होतं ते सगळं तिचं स्वतःचं होतं.

“आहेस ना?” धाकटीने विचारलं. “आता येतंय का ऐकू?”

“येतंय.”

“मग ऐक,” धाकटी म्हणाली, आणि तिने अकरा वर्षांचं साठलेलं बोलायला सुरुवात केली, कोण काय म्हणालं, कुणी दार लावून घेतलं, कुणाच्या तोंडून ताईचे शब्द कसे फिरून तिच्याकडे आले, एकेक, नावानिशी, चढ्या आवाजात. मामी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. अक्षरवाला चहा पिऊन परत आला, तिच्याकडे बघून दारातच थांबला. धाकटी बोलत होती, आणि कंसमामी मध्ये एक शब्द न घालता ऐकत होती.